काटा खोटा नव्हता

मी काटा बोलतोय. भाजीवाल्याचा नव्हे, सोनाराचाही नव्हे. रेसकोर्सच्या वजनखोलीतला खुर्चीचा काटा. खाली लोखंडी बैठक, तिच्यावर चामड्याची खुर्ची, खुर्चीमागं माणसाच्या उंचीचा खांब आणि खांबावर पितळी काठाची गोल तबकडी. त्या तबकडीतली सुई म्हणजे माझी जीभ. इतर वस्तू आपली कहाणी सांगताना फार गोड बोलतात. झिजलो, पण कुणाच्या तरी उपयोगी पडलो, वगैरे. माझ्याकडून तसलं काही ऐकायला मिळणार नाही. मी एका माणसावर सूड उगवला आणि त्याचं मला तसूभरही वाईट वाटत नाही.

एक काटा काय सूड घेणार, असं वाटलं ना? त्यालाही तसंच वाटलं होतं.

माझा जन्म लोखंडाच्या कारखान्यातला. ज्या कारागिरानं मला जुळवलं तो महातिरसट होता. सुई केसभर चुकली तरी सगळं खोलून पुन्हा जोडायचा. शेवटी एकदाचा तो स्वतः खुर्चीत बसला, उतरला आणि माझ्या खांबावर थाप मारून म्हणाला, "लेका, कुणाच्या बापाला भिऊ नकोस." माझ्यावर झालेला संस्कार तेवढाच.

तिथून मला वजनखोलीत आणलं आणि जाडजूड बोल्टांनी फरशीत पक्कं केलं. भिंत आणि माझी बैठक यांच्यामध्ये एक फट राहिली. हात जेमतेम मनगटापर्यंत जाईल एवढीच. मिस्त्री म्हणाला, "राहू दे, कुणाला दिसतंय?" ती फट लक्षात ठेवा.

आता माझं काम सांगतो. शर्यतीत प्रत्येक घोड्यानं किती वजन वाहायचं हे आधीच ठरतं. जॉकी खोगीर मांडीवर घेऊन माझ्या खुर्चीत बसतो. दोघांचं मिळून वजन ठरल्याइतकं भरलं पाहिजे. जॉकी हलका असेल तर खोगिराच्या खिशात शिशाच्या पट्ट्या घालून भरती करायची. मग ते खोगीर बाकावर ठेवायचं. ते तिथून उचलायचं फक्त घोड्याच्या ट्रेनरनं, दुसऱ्या कुणी नाही. शर्यत संपली की जिंकलेला जॉकी खोगिरासकट पुन्हा माझ्या खुर्चीत. वजन कमी भरलं तर जिंकलेली शर्यत गेली. माझ्या शब्दापुढं कुणाचं काही चालत नाही.

वर्षानुवर्षं त्या खुर्चीत फक्त पुरुष बसले. बाया रेसकोर्सवर यायच्या त्या टोप्या घालून टाळ्या वाजवायला, नाहीतर झाडायला. वजनखोली झाडणारी एक मावशी होती. तोंडानं फटकळ, पण मनानं लोण्याहून मऊ. पुरुष बाहेर गेले की ती यायची, माझी तबकडी पदरानं पुसायची आणि म्हणायची, "तुझं बरंय बाबा, तुला कुणी उगीच बोलत नाही." 

आणि एक होता बादशहा. हे लोकांनी ठेवलेलं नाव, पण त्याच्या डोक्यात ते पार घुसलेलं. शर्यती जिंकायचा, खोटं कशाला बोलू? गळ्यात निळ्या ठिपक्यांचा पिवळा रेशमी रुमाल असायचा. त्या रुमालाशिवाय तो घोड्यावर बसत नसे. रुबाब असा, की खुर्चीत बसतानासुद्धा माझ्यावर उपकार केल्यासारखा बसायचा. पण पुढंपुढं गडी जड व्हायला लागला. उपाशी राहायचा, गरम पाण्याच्या वाफेत तासन्‌तास बसून घाम गाळायचा, तरी सुई पुढंच जायची. मग माझ्याकडं असा बघायचा, जसं काही मीच त्याच्या ताटातलं खातोय.

बादशहा ज्या तबेल्याचे घोडे धावायचा, त्याच तबेल्यात नालबंदाची पोर होती. अंगानं काडी म्हणून सगळे तिला खिळी म्हणत. रोज पहाटे सगळ्यात द्वाड घोड्यांना ती फिरवून आणायची. घोड्याला तयार करायची खिळी, आणि शर्यतीच्या दिवशी वर बसायचा बादशहा. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. नंतर नियम बदलला, मुलींना परवाने मिळायला लागले. खिळीनं परवाना घेतला. पण घोडा देतंय कोण? मालक म्हणायचे, "पोरीच्या मनगटात कितीसा जोर असणार?" ट्रेनर म्हणायचे, "पडली-झडली तर घरच्यांना काय तोंड दाखवायचं?"

मोठ्या शर्यतीच्या दिवशी मात्र बादशहानंच तिच्यासाठी दार उघडलं. त्याची ठरलेली काळी घोडी, आणि तिला त्या दिवशी वजन पडलं होतं कमी. सकाळी तो माझ्या खुर्चीत बसला. मी सांगितलं, जास्त भरतंय. त्यानं बूट काढले, पट्टा काढला. तरी जास्तच! घोडीच्या ट्रेनरला सगळे मास्तर म्हणत. मास्तर वैतागून म्हणाले, "आता पट्टा काढून काय होतंय? सहा महिने तोंडाला कुलूप लावायचं होतं." आणि सगळ्यांसमोर त्यांनी हाक मारली, "खिळे, तू बसशील का गं?"

 पोरीनं मान हलवली, जोरजोरात.

तिच्या बापानं तिच्यासाठी शिशाच्या पट्ट्या स्वतः ओतल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर छिन्नीनं छोटासा नाल कोरलेला. ती खोगीर घेऊन माझ्या खुर्चीत बसली, तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. सुई बरोबर ठरल्या आकड्यावर थांबली. काट्याचे अधिकारी, ज्यांना सगळे वजनसाहेब म्हणत, ते म्हणाले, "चोख." तिनं खोगीर बाकावर ठेवलं. आता मास्तर येईपर्यंत तिनं तिथंच थांबायचं होतं, जॉकींची कपडे बदलायची खोलीही तीच. म्हणजे खोगीर डोळ्यांसमोर राहतं.

तर बादशहा उठला. "साहेब, ही इथं थांबणार? आम्ही कपडे कुठं बदलायचे? टॉवेल धरून लाजत बसायचं का आता?"

सगळे खो-खो हसले. वजनसाहेब भला माणूस, पण भिडस्त. चष्मा पुसत म्हणाले, "पोरी, तू जरा बाहेर थांब. खोगीर इथंच राहू दे, नियम आहे."

"बाहेर कुठं, साहेब?"

साहेब पुन्हा चष्मा पुसायला लागले. उत्तर मावशीकडं होतं. दारातून ती ओरडली, "ये गं माझ्या महालात!" महाल म्हणजे झाडू-बादल्या ठेवायची खोली. "बस त्या डब्यावर. माझ्या बादल्यांना डोळे नाहीत, त्या कुणाकडं बघत नाहीत."

खिळी गेली. दुसऱ्या शर्यतीसाठी बाकीचे जॉकी निघून गेले. साहेब आमच्याकडं पाठ करून खिडकीशी दुर्बीण लावून उभे. त्यांच्या पाठीमागं उरले बादशहा, बाकावरचं खोगीर आणि मी.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. खोगिराच्या खिशात बोटं घातली, एक पट्टी काढली. वाजू नये म्हणून गळ्यातला रुमाल सोडला आणि पट्टी त्याच्यात गुंडाळली. तेवढ्यात दारात मास्तरांचा आवाज. दचकला आणि रुमालासकट पट्टी त्यानं माझ्यामागच्या फटीत खुपसली. नंतर काढू, असा विचार असणार. पण पट्टी सरकली, आत गेली आणि माझ्या बैठकीखाली जाऊन पडली. मास्तरांनी खोगीर उचललं आणि गेले.

मी काय करणार होतो? मला जीभ आहे, पण खुर्चीत कुणी बसल्याशिवाय ती हलत नाही. एवढा गच्च बोल्ट ठोकलेला मी, त्या दिवशी मुळासकट उपटून त्याच्या अंगावर पडावंसं वाटलं.

शर्यत मला खिडकीतून नुसती ऐकू आली. आधी लोक हसत होते. मग गप्प झाले. मग सगळं मैदान एकदम ओरडायला लागलं. खिळी जिंकली! एक पट्टी कमी होती म्हणून नाही हो. ती घोडी तिच्या हाताची होती, दुसऱ्या नंबरचा घोडा कितीतरी मागं होता. चिखलानं माखलेली, हसत, धापा टाकत ती आत आली आणि खोगीर मांडीवर घेऊन बसली.

मला खरंच बोलावं लागलं. सुई अलीकडंच थांबली.

वजनसाहेबांनी माझ्या काचेवर टिचकी मारली. पुन्हा मारली. म्हणाले, "उतर आणि परत बस." ती परत बसली.  बादशहा भिंतीला टेकून नखं बघत होता.

"काटा खोटा आहे!" ती किंचाळली. "साहेब, हा काटा खोटा आहे! मघाशी बरोबर भरलं होतं!"

त्यांनी मला तपासलं. मापाची वजनं ठेवून पाहिली. मी खराच निघालो. म्हणजे ती खोटी ठरली. खोगीर मोजलं, एक पट्टी नाही. शर्यत काढून घेतली, परवाना काढून घेतला. बाहेर लोक म्हणाले, जिंकण्यासाठी पट्टी फेकली हिनं. बादशहा म्हणाला, "बिचारीला बेरीज आली नसेल. घर सांभाळावं, हे कशाला?" 

मावशी एकटीच भांडली. "पोरगी सगळा वेळ माझ्याजवळ होती! खोगिरापाशी कोण होतं ते विचारा की!" कुणीतरी खरंच बादशहाला विचारलं, अरे, तुझा रुमाल कुठाय? त्याच्या तोंडचं पाणी पळालं, पण क्षणभरच. म्हणाला, "रेशमी होता ना. गेला असेल झाडूवालीच्या पदरात." दुसऱ्या दिवशी मावशीला चोर म्हणून हाकललं. जाताना तिनं माझी तबकडी पुसली नाही.

त्यानं माझ्या खऱ्या बोलण्याचा फास केला आणि दोन बायकांच्या गळ्यात घातला. त्या दिवशी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

आता माझा सूड ऐका. खोटं बोलणं माझ्या हाडात नाही. त्यामुळं बादशहाच्या बाबतीत मी फक्त खरं बोललो. जरा मोठ्यानं बोललो, इतकंच. माझ्या खुर्चीखाली एक जुनी स्प्रिंग आहे. तो बसला की ती कुरकुरायची, आणि बाकी कुणी बसलं की गप्प. "कुईंऽऽ" असा आवाज आला की सगळी खोली फिदीफिदी हसायची. "बादशहा, तख्त रडतंय!" तो लाल व्हायचा. दोन-तीन हंगामांत त्याचे घोडे दुसऱ्यांना मिळायला लागले. एक दिवस तो खुर्चीत बसला, सुई पाहिली, आणि बूट काढून निघून गेला. जॉकी म्हणून तो पुन्हा बसलाच नाही.

पण माझं एवढ्यानं समाधान होणार नव्हतं. त्यालाही ते माहीत असावं. कारण खोली रिकामी दिसली की तो यायचा, माझ्याशेजारी गुडघे टेकायचा आणि वाकडी तार घालून फटीत खरवडत बसायचा. घामाघूम व्हायचा. कुणी आलं की म्हणायचा, "नाणं पडलं हो." अहाहा! मी त्याची तार इंचभरसुद्धा पुढं जाऊ दिली नाही. मी मुळातच जागचा हलत नाही, हे मान्य. पण त्या दिवसांत न हलण्यात जी मजा होती ती काय सांगू!

मग तो ट्रेनर झाला, समितीवर गेला. आणि समितीत जेव्हाजेव्हा विषय निघाला की हा जुना काटा काढून नवा विजेचा बसवू, तेव्हा तो उठून गहिवरायचा. "हा काटा म्हणजे आपली परंपरा! मी असेपर्यंत याला हात लावू देणार नाही!" लोक टाळ्या वाजवायचे. म्हणायचे, केवढं प्रेम!

इकडं खिळी गेली नव्हती. परवाना गेला, पण पहाटेची रपेट तिनं सोडली नाही. ती मुलींना घोड्यावर बसायला शिकवू लागली. तिच्या हाताखालच्या पोरी एकेक करत वजनखोलीत यायला लागल्या. आधी एक, मग दोघी. पहिलीला हसले. दुसरीला कमी हसले. त्या जिंकायला लागल्यावर मालकांचाच सूर बदलला. "पोरींचा हात हलका असतो, घोडं बिचकत नाही," असं म्हणायला लागले. जसं काही हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं! झाडूची खोली मोठी करून तिथं मुलींना कपडे बदलायची खोली झाली. आणि बादशहा? त्याची स्वतःची मुलगी जॉकी व्हायचं म्हणून हटून बसली, तसा हाच गडी व्यासपीठावरून मुलींच्या जिद्दीवर बोलायला लागला. मला तर हसून हसून सुई निखळेल की काय असं वाटलं.

वजनसाहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी परीक्षा देऊन आली खिळी. केसांत पांढरं, डोळ्यांवर चष्मा. पोरं मागं तिला वजनबाई म्हणायची, पण समोर "हो ताई, नाही ताई." पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली. मी किती वाट पाहिली होती तिची! तर ती दातओठ खात म्हणाली, "तुला इथून उपटून काढल्याशिवाय मी राहायची नाही."

म्हणजे इतकी वर्षं तिनं मलाच खोटं मानलं होतं. बादशहावर तिचा संशयसुद्धा नव्हता. माझा राग असा भडकला म्हणता! पण तिच्यावर नाही. तिचं बरोबरच होतं. आपण पट्टी काढली नाही याची तिला खात्री होती, मग पट्टी आधीपासून कमी असताना चोख दाखवणारा खोटा कोण उरला? मीच.

तिनं समितीत नव्या काट्याचा आग्रह धरला. बादशहानं पुन्हा परंपरा काढली. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मला काढायचा दिवस शर्यतीचाच होता. नवा काटा दाराशी उभा, सगळे जॉकी गोळा झालेले, बादशहाची मुलगी खोगीर घेऊन रांगेत. कामगारांनी बोल्टांना पाना लावला आणि बादशहा धावत आत आला. माझ्या खांबाला मिठीच मारली त्यानं. "थांबा! हंगाम संपू दे! मी स्वतः काढून घेतो, माझ्या घरी नेतो!"

"बाबा, काय हे?" मुलगी ओशाळून म्हणाली. "काटा आहे तो, आजोबा नाहीत."

सगळे हसले. खिळी हसली नाही. "बाजूला व्हा," ती म्हणाली. "उचला रे."

बोल्ट सुटले. मी एका अंगाला कललो. इतक्या वर्षांनी माझ्या पोटाखाली उजेड शिरला आणि फरशीवर धुळीनं माखलेलं एक लहानसं गाठोडं पडलं.

खिळी वाकली. तिनं गाठोडं उचललं, झटकलं, उलगडलं. शिशाची पट्टी. तिच्यावर छिन्नीनं कोरलेला छोटासा नाल. ती बोटानं तो नाल नुसता चाचपत राहिली. काय ते तिला कळलं. कुणी ते मात्र अजून कळायचं होतं. बादशहा मागं सरकत दाराच्या दिशेनं निघाला होता. मी मनात ओरडत होतो, रुमाल बघा, अरे रुमाल बघा कुणीतरी!

"अय्या!" बादशहाची मुलगी पुढं आली. "हा बाबांचा रुमाल! घरातल्या मोठ्या फोटोत आहे की, गळ्यात. बाबा, हा तर चोरीला गेला होता ना?"

बादशहा जिथल्या तिथं थिजला. चेहरा चुन्यासारखा. खोलीत एक जुना जॉकी होता, तो पुटपुटला, "त्या दिवशी... पट्टी हरवली ती..." आणि मग कुणाला काही सांगायची गरज उरली नाही.

"बसा," खिळी म्हणाली.

"अगं, तू ऐकून तरी घे..."

"बसा!"

मला पुन्हा सरळ केलं होतं. तो माझ्या खुर्चीत बसला. कुईंऽऽ! कुणी हसलं नाही. खिळीनं ती पट्टी त्याच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "आता सांगा सगळ्यांना. हे वजन कुणाचं?"

त्यानं सांगितलं. तोंड खाली घालून, अडखळत, पण सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "माफ कर गं. तरुण होतो तेव्हा, डोकं फिरलं होतं."

"माफी ठेवा तुमच्यापाशी," ती म्हणाली. "मला माझी शर्यत हवी. ती तर तुम्ही परत द्यालच, पण माझ्या हातातून गेलेली वर्षं कुठून आणणार? आणि हा रुमाल घ्या. मावशी अजून आहेत. त्यांच्या दारात जायचं, शेजारीपाजारी बाहेर आल्यावर मोठ्यानं सांगायचं, की चोर तुम्ही नव्हता, मी होतो."

तो गेला. नंतर पोरींकडून कळलं ते असं. मावशी आता काठी टेकत चालते. तिनं सगळं ऐकून घेतलं, त्याच्या हातातून तो रेशमी रुमाल घेतला, उंबऱ्यापाशी पायपुसणं म्हणून टाकला आणि त्याच्यावर पाय पुसून आत गेली. अहो, मी काटा आहे, मला नाचता येत नाही. नाहीतर त्या दिवशी नाचलो असतो.

पण खरा घाव तिथं बसलाच नाही. तो वजनखोलीतच बसला होता. बादशहा खुर्चीतून उठला तेव्हा मुलीचा नंबर आला होता. सवयीनं त्यानं तिचं खोगीर धरायला हात पुढं केला. मुलीनं खोगीर छातीशी ओढून घेतलं.

"खोगिराला हात लावू नका, बाबा."

हळूच म्हणाली. त्याचा हात तसाच पुढं राहिला. मला त्याची दया यायला हवी होती का? नाही आली.

आता त्याचा ट्रेनरचा परवाना गेला आहे. मुलगी दुसऱ्या तबेल्यातून धावते आणि जिंकते. भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळीवर त्या जुन्या शर्यतीपुढं नवं नाव रंगवलंय. नालबंदाच्या पोरीचं पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत.

आणि मी? भंगारवाला दाराशी येऊन उभा होता. खिळीनं त्याला परत पाठवलं. तबकडीवर साचलेली धूळ तिनं ओढणीनं पुसली, जशी मावशी पुसायची, आणि माझ्या काचेवर हात ठेवून म्हणाली, "तू खरंच बोलत होतास रे. मीच तुला खोटं म्हणत राहिले." मग ती माझ्या खुर्चीत बसून रडली. पोटभर रडली. माझी सुई थरथरत होती, तिचं हुंदक्यांनी अंग हलत होतं म्हणून. मी तिच्यासाठी कुरकुरलो नाही.

आता मी मुलींच्या खोलीत असतो. कधीकाळी मावशीच्या बादल्या होत्या, तिथं. पोरी माझ्यावर बसून बुटांचे बंद बांधतात, टोप्या अडकवतात, एकमेकींची टर उडवतात. पोरींनो, एकच सांगतो. खोगीर नजरेआड करू नका. कुणी बाहेर थांब म्हणालं, तर खोगीर घेऊन थांबा, मग नियम गेला खड्ड्यात.

दाराबाहेर पाटी आहे, पुरुषांना मज्जाव. शर्यतीच्या दिवशी तिच्याखाली एक म्हातारा उभा असतो, हात मागं बांधून. मुलगी बाहेर येईल, एखादा शब्द बोलेल, म्हणून. ती कधी बोलते, कधी नाही. त्याच्या पावलांचा आवाज मला ओळखू येतो. तो आला, की खुर्चीत कुणी बसलेलं नसतानाही मी एकदा कुरकुरतो. दाराबाहेर ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं.